पाळायचा साप : बोआ की बॉल पायथन?



वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मयापासून अर्थकारणापर्यंत नाना विषयांचा परामर्श घेतला गेला आहे. पण साप पाळायचा झाला तर कोणता पाळावा, हा विषय येथे बहुधा प्रथमच येत असावा. कार्यक्रमपत्रिका वाटल्या गेल्या त्याच दिवशी एका गृहस्थांनी मला बाजारात गाठले आणि विचारले, "अहो, घरात साप निघाला तर काय करावे ते सांगा. मुद्दाम विकत आणून पाळायचा कशाला?" त्यांचा प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे साप घरात येतो तो न बोलावता येतो, आणि त्याच्या स्वागताला एक तर काठी असते, नाही तर फोन करून बोलावलेला सर्पमित्र. तेव्हा हा विषय मी का घेतला, ते आधी सांगतो.

माझा एक पुतण्या बरीच वर्षे नोकरीनिमित्त अमेरिकेत आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास त्याचे सविस्तर पत्र आले. त्याची अकरा वर्षांची मुलगी एका सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जत्रेला जाऊन आली होती आणि तेव्हापासून तिने साप हवा म्हणून घर डोक्यावर घेतले होते. तिला दोन साप आवडले होते. एक मुठीएवढा, तपकिरी-सोनेरी ठिपक्यांचा, डोके अंगाखाली लपवून बसलेला. दुसरा सडपातळ, हात-सव्वा हात लांबीचा, पाठीवर खोगिरासारखे पट्टे आणि शेपटीकडे तांबूस होत गेलेला. पहिला बॉल पायथन, दुसरा बोआ. पुतण्याने लिहिले होते, "काका, तुम्ही जन्मभर मुलांना प्राणिशास्त्र शिकवलेत. दोहोंतला कोणता घ्यावा ते तुम्हीच सांगा." पत्राच्या शेवटी सूनबाईंनी आपल्या हाताने एकच ओळ घातली होती : "तो खातो काय, तेवढे आधी कळवा." त्या घरात अंडेही शिजत नाही.

मी लगेच उत्तर दिले नाही. चार महिने वाचले, तिकडच्या दोन-तीन जाणकारांना विचारले आणि मग लिहिले. त्या उत्तराचाच विस्तार आज आपणांपुढे ठेवतो आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे परदेशी आहेत. उद्या असाच प्रश्न आपल्याही दारी येऊ शकेल. शिवाय या निवडीचा विचार करता करता आपल्याच शेतातल्या एका गरीब सापाची गोष्टही आपल्याला भेटणार आहे.

प्रथम या दोघांची ओळख करून घेऊ. दोघेही बिनविषारी, दोघेही भक्ष्याला विळखा घालून मारणारे, दोघांच्याही अंगावर पूर्वजांच्या मागच्या पायांची खूण म्हणून शेपटीच्या मुळाशी दोन इवल्या नख्या असतात. त्यामुळे सामान्य माणूस दोघांनाही अजगर म्हणून मोकळा होतो. पण कुळे दोन आहेत. बॉल पायथन हा खऱ्या अजगरांच्या कुळातला, म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या अजगराचा भाऊबंद. बोआचे कुळ निराळे. अजगराची मादी अंडी घालते; बोआची मादी जिवंत पिल्ले देते. अजगराच्या वरच्या जबड्यात अगदी पुढे, नाकाखालच्या हाडावरही दात असतात; बोआच्या त्या हाडावर नसतात. बॉल पायथनच्या ओठांच्या खवल्यांवर खळग्यांची रांग दिसते. उबदार रक्ताच्या प्राण्याची उष्णता त्याला या खळग्यांनी अंधारातही जाणवते. बोआलाही उष्णता जाणवते, पण त्याच्या ओठांवर असे खळगे नसतात.

त्यांचे मुलूखही दूरदूरचे. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेचा, सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या गवताळ प्रदेशाचा रहिवासी. दिवसा तो उंदरांच्या बिळांत नाही तर वाळवीच्या वारुळांत पडून राहतो आणि रात्री बाहेर पडतो. घाबरला की अंगाचे वेटोळे करून डोके मधोमध लपवतो आणि अगदी चेंडू होतो. त्यावरूनच त्याला हे नाव मिळाले. इंग्लंडात त्यालाच राजअजगर म्हणतात, कारण १८०२ साली त्याचे शास्त्रीय नामकरण झाले तेव्हा त्याला 'रेजियस', म्हणजे राजेशाही, हे विशेषण मिळाले. बेनिन देशातल्या विदा या गावी या अजगरांचे देऊळच आहे. नायजेरियातील इग्बो समाजाच्या काही भागांतही तो पवित्र मानला जातो. नागपंचमी पाळणाऱ्या आपल्या समाजाला याचे नवल वाटू नये.

बोआ हा नव्या जगाचा. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत त्याचा पसारा आहे. लिनियसने १७५८ साली त्याला 'बोआ कन्स्ट्रिक्टर' हे शास्त्रीय नाव दिले, आणि तिकडच्या शाळकरी पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सारे जण त्याला त्याच नावाने ओळखतात. शास्त्रातले नाव आणि लोकांच्या तोंडचे नाव एकच, असे भाग्य फार थोड्या प्राण्यांना लाभले आहे. तिकडे दुकानांतून मिळणारे बोआ बहुतेक मध्य अमेरिका आणि कोलंबियाकडच्या जातीचे असतात. शास्त्रज्ञ हल्ली तिला वेगळी जात मानून 'बोआ इम्पेरेटर' म्हणतात.

आता निवडीच्या मुख्य मुद्द्यांकडे वळू. पहिला मुद्दा आकाराचा. जत्रेत दोन्ही पिल्ले तळहातावर मावतात, आणि तेथेच माणूस फसतो. बॉल पायथन पूर्ण वाढला की साधारण तीन ते पाच फूट होतो. मादी मोठी, नर त्याहून लहान. वजन दीड-दोन किलोच्या आसपास. बोआची गोष्ट वेगळी. मध्य अमेरिकेकडचा नर पाच-सहा फुटांवर थांबेल, पण मादी सात-आठ फूट सहज होते. दक्षिण अमेरिकेतल्या मोठ्या वाणाची मादी दहा फुटांपर्यंत जाते, आणि तिचे वजन दहा-पंधरा किलो भरते. हा सारा ऐवज म्हणजे निव्वळ स्नायू. अकरा वर्षांच्या मुलीला बॉल पायथन दोन हातांत धरता येतो. आठ फुटी बोआ हाताळताना मात्र खोलीत दोन मोठी माणसे असावीत, हा तिकडच्या अनुभवी लोकांचा नियम आहे.

हा नियम उगाच झालेला नाही. विळखा म्हणजे काय, हे समजून घेण्यासारखे आहे. साप भक्ष्याचा श्वास कोंडून त्याला मारतो, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. २०१५ साली अमेरिकेतील डिकिन्सन कॉलेजातील संशोधकांनी बोआवरच प्रयोग करून प्रत्यक्षात काय होते ते मोजले. भूल दिलेल्या उंदरांच्या रक्तवाहिन्यांत त्यांनी मापनयंत्रे बसवली होती. बोआने विळखा आवळताच काही सेकंदांतच रक्तदाब कोसळला आणि रक्ताभिसरण बंद पडत गेले. म्हणजे मृत्यू येतो तो प्रामुख्याने रक्त थांबल्यामुळे. श्वास कोंडून मरायला लागणाऱ्या वेळेच्या कितीतरी आधी भक्ष्य शुद्ध हरपते. त्याआधी २०१२ साली प्रसिद्ध झालेला दुसरा प्रयोग तर अधिकच मजेचा. मेलेल्या उंदरांत कृत्रिम हृदय बसवून ते धडधडत ठेवले, तर बोआ जास्त वेळ आणि जास्त जोराने आवळत राही; धडधड थांबवली की काही वेळाने विळखा सैल करी. भक्ष्याच्या हृदयाचे ठोके त्याला कातडीतून कळतात.

हे ऐकल्यावर मोठा साप गळ्यात घालून छायाचित्र काढण्याची हौस कोणास राहू नये. २०१० साली अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात एका तरुणाचा नऊ फुटी पाळीव बोआच्या विळख्याने मृत्यू झाला. अशा घटना फार विरळ आहेत, हेही लगेच सांगितले पाहिजे. बोआ स्वभावाने चिडका नाही. तो माणसाला भक्ष्य समजत नाही. पण घाबरला किंवा तोल जाऊ लागला की तो हाताला येईल ते आवळतो, आणि हाताला आलेली वस्तू गळा असेल तर तो भेद करीत नाही.

दुसरा मुद्दा खाण्याचा, म्हणजे सूनबाईंचा. पाळलेल्या या दोघाही सापांना उंदीरच खाऊ घालावे लागतात. दूध तर कोणताच साप पीत नाही. नागपंचमीच्या दिवशी त्याला पाजलेले दूध ही आपली भक्ती असेल, पण त्याचे अन्न नव्हे. तिकडे मेलेले, गोठवलेले उंदीर दुकानात मिळतात. ते घरच्या फ्रीजरमध्ये ठेवायचे, पाण्यात सोडून कोमट करायचे आणि लांब चिमट्याने सापापुढे धरायचे. जिवंत उंदीर देऊ नये. कोपऱ्यात सापडलेला उंदीर सापाला कुरतडतो आणि भयंकर जखमा करतो. म्हणजे शाकाहारी घरातल्या आईस्क्रीमच्या शेजारी उंदरांची पुडी येणार, किंवा त्यासाठी वेगळा छोटा फ्रीजर घ्यावा लागणार. हे मी पुतण्याला गुळमुळीत न करता लिहिले. ज्या घरात हे चालणार नसेल त्या घराने पुढचे वाचूच नये.

खाण्यात या दोघांच्या स्वभावाचा फरक फार स्पष्ट दिसतो, आणि येथे बोआ वरचढ ठरतो. बोआ हा भरवशाचा खाणारा. वेळेवर दिले की खाल्ले. त्याच्या मालकाला धोका उलटाच असतो : तो मागतो म्हणून देत गेल्यास साप लठ्ठ होतो. शिवाय त्याची पचनशक्ती मंद आहे. भक्ष्य फार मोठे दिले, जागा थंड राहिली, किंवा खाल्ल्याबरोबर त्याला हाताळले, तर तो सारे उलटून टाकतो, आणि लहान पिल्लाला ही उलटी जिवावर बेतू शकते. वाढलेल्या बोआला दोन-तीन आठवड्यांतून एकदा जेवण पुरते. बॉल पायथनची तऱ्हा याच्या अगदी उलट. तो रुसतो. जागा बदलली, ऊब कमी झाली, लपायला बीळ नसले, हिवाळा आला, की त्याचे जेवण बंद. निरोगी, वाढलेला बॉल पायथन दोन-तीन महिने, कधी त्याहूनही अधिक काळ उपाशी राहतो आणि त्याचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते मालकाचे. आफ्रिकेतल्या वारुळात अंड्यांभोवती वेटोळे घालून बसलेली मादी सुमारे दोन महिने काही खात नाही. उपवासाची ही सवय त्याच्या रक्तातच आहे. ज्याला हे ठाऊक नाही तो दर आठवड्याला उंदीर पुढे करून सापाला आणि स्वतःला हैराण करतो.

तिसरा मुद्दा घराचा. बॉल पायथनला चार फूट लांब, दोन फूट रुंद अशी काचेची किंवा लाकडी पेटी पुरते. वाढलेल्या बोआला किमान सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद जागा हवी, आणि तीत चढण्यासाठी भक्कम फांदी. म्हणजे दिवाणखान्यातले एक कपाटच गेले म्हणा. दोघांनाही पेटीच्या एका टोकाला ३१ ते ३३ अंश सेल्सियसची ऊब आणि दुसऱ्या टोकाला २५ ते २७ अंशांचा गारवा लागतो. सापाचे शरीर स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. तो उन्हा-सावलीत सरकून आपले तापमान राखतो. तेव्हा पेटीत त्याला ऊन आणि सावली दोन्ही द्यायला हवीत. उष्णतेच्या साधनाला थर्मोस्टॅट लावणे अत्यावश्यक आहे. तो नसला तर तापलेल्या तळावर सापाचे पोट भाजते आणि साप मात्र हलत नाही. हवा दमट हवी, पण ओलीचिंब नको. लपायला दोन जागा, एक उबदार टोकाला आणि एक गार टोकाला. आणि झाकण असे, की बोटभर फट राहता कामा नये. सापाइतका पळपुटा कैदी दुसरा नाही.

चौथा मुद्दा स्वभावाचा. येथे मात्र शब्द जपून वापरले पाहिजेत. कुत्रा प्रेम करतो, मांजर उपकार करते, साप सहन करतो. हात चावणार नाही आणि चटका देणार नाही एवढे त्याला कळते. यापुढची ओळख त्याच्याकडून मागू नये. बॉल पायथन लाजाळू आणि शांत आहे. दिवसभर बिळात पडून असतो, आणि पाहुण्यांना दाखवायला काढला तर चेंडू होऊन बसतो. बोआ जागा आणि कुतूहलाचा. तो फांदीवर चढतो, काचेशी येतो, जीभ लपलपवीत खोलीत कोण आले याचा वास घेतो. पिल्लूपणी तो मोठ्याने फुत्कारतो आणि कधी चावतोही. पण नेमाने, हळुवारपणे हाताळल्यास पुढे निवळतो. ज्याला साप पाहायचा आहे त्याला बोआ अधिक आनंद देईल. ज्याला हातात घ्यायचा आहे त्याला बॉल पायथन. दोघांनाही हाताळल्यावर साबणाने हात धुतलेच पाहिजेत, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जातीचे जंतू असतात आणि लहान मुलांना त्यांची बाधा चटकन होते.

पाचवा मुद्दा बहुतेक कोणी विचारत नाही, आणि तोच सर्वांत मोठा आहे. साप किती वर्षे जगतो? दोघेही नीट सांभाळले तर वीस-तीस वर्षे सहज जगतात. फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात एक बोआ चाळीस वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे. बॉल पायथनची कथा त्याहून विलक्षण. १९६१ साली एका खाजगी मालकाने सेंट लुई येथील प्राणिसंग्रहालयाला एक मादी दिली. २०२० सालच्या जुलैत तिने सात अंडी घातली. तेव्हा तिचे वय साठीच्या पुढे गेले असावे असा तेथल्या लोकांचा अंदाज होता, आणि त्याआधी निदान पंधरा वर्षे तिचा नराशी संबंध आलेला नव्हता. आता हिशेब करा. अकरा वर्षांची मुलगी आज पिल्लू आणते. ती अठराव्या वर्षी शिक्षणासाठी घर सोडील तेव्हा साप सात वर्षांचा, म्हणजे भर तारुण्यात असेल. पुढे त्याचे उंदीर कोण कोमट करणार? आईबापच. म्हणून मी पुतण्याला लिहिले, "साप मुलीसाठी घेऊ नकोस. स्वतःसाठी घ्यायची तयारी असेल तरच घे, आणि मग मुलीला त्यात भागीदार कर."

आता रोगाविषयी थोडे. दोन्ही साप आवडले म्हणून दोन्ही घेऊ, असे मुलीने सुचवलेच होते. हे कदापि करू नये. बोआंमध्ये एक विषाणुजन्य रोग असतो. पेशींत साठणाऱ्या कणांमुळे तो ओळखला जातो, आणि त्याच्या मुळाशी असलेले विषाणू २०१२ साली सापडले. बोआ हा रोग अंगात वागवीत पुष्कळ काळ वरकरणी धडधाकट राहू शकतो. पण तोच रोग अजगराला झाला तर मज्जासंस्थेवर घाला पडतो आणि तो लवकर दगावतो. म्हणजे एक जण वाहक आणि दुसरा बळी, असा हा शेजार आहे. अंगावरचे बारीक पिसवांसारखे जीव एकाकडून दुसऱ्याकडे जातात, म्हणून नवा साप निदान तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवावा, असा दंडक आहे.

येथवर घरातला विचार झाला. पण साप घरात कोठून येतो, याचाही विचार सुज्ञ माणसाने केला पाहिजे. घाना, टोगो आणि बेनिन या देशांतून बॉल पायथन लाखोंच्या संख्येने परदेशी गेले आहेत. तेथले शेतकरी आणि शिकारी रानातून गाभण माद्या आणि अंडी गोळा करतात, व्यापारी ती उबवतात, आणि पिल्ले जहाजी-विमानी मालासारखी रवाना होतात. त्या गरीब माणसांना चार पैसे मिळतात हे खरे, पण रानातली संख्या घटते. आज हा साप जागतिक यादीत धोक्याच्या उंबरठ्यावर आहे. बोआचीही अशीच एक कहाणी आहे. होंडुरासच्या किनाऱ्याजवळच्या छोट्या बेटांवर फिकट रंगाचा एक ठेंगणा बोआ राहतो. तो दिसायला सुंदर आणि आकाराने आटोपशीर, म्हणून हौशी लोकांची त्यावर नजर गेली, आणि १९८० च्या दशकापर्यंत व्यापाऱ्यांनी ती बेटे जवळजवळ रिकामी केली. म्हणून साप घ्यायचाच तर पिंजऱ्यात जन्मलेला घ्यावा, आणि आईबाप दाखवा असे विकणाऱ्याला विचारावे. त्याहून उत्तम म्हणजे कोणीतरी कंटाळून टाकलेला, वाढलेला साप आश्रयगृहातून आणणे.

पिंजऱ्यातल्या पैदाशीलाही एक काळी बाजू आहे. १९९२ साली पिंजऱ्यात पहिली पांढरी-पिवळी, लाल डोळ्यांची बॉल पायथनची पिल्ले निपजली, आणि तेव्हापासून नवनव्या रंगांची जणू शर्यत लागली. 'स्पायडर' नावाचा एक वाण कोळ्याच्या जाळ्यासारख्या नक्षीमुळे फार गाजला. पण या सापांचे डोके डुगडुगते. काही तर भक्ष्यावर झेप घेताना चुकतात, उलथे होतात. २०२२ साली त्यांच्या आतल्या कानाची तपासणी झाली तेव्हा तोल सांभाळणारी रचनाच सदोष आढळली. नक्षी आणि व्यंग एकाच गुणसूत्राच्या पदरात बांधलेले आहेत. माणसाच्या डोळ्यांना रुचावे म्हणून प्राण्याचा तोल काढून घेणे ही हौस नव्हे.

आणि साप नकोसा झाला तर? काही लोक त्याला 'मुक्त' करतात. हे मुक्त करणे किती महाग पडते, ते फ्लोरिडात पाहावे. तेथील एव्हरग्लेड्सच्या दलदलीत पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून आलेले ब्रह्मी अजगर माजले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, रस्त्यांवर दिसणाऱ्या रॅकून आणि ओपॉसम या प्राण्यांचे प्रमाण ९९ टक्क्यांच्या आसपास घटल्याचे आढळले. बोआही या पापापासून अलिप्त नाही. मायामीजवळच्या डीअरिंग इस्टेटच्या परिसरात तो १९७० च्या दशकापासून ठाण मांडून आहे, आणि कॅरिबियन समुद्रातल्या अरुबा बेटावर तो १९९९ मध्ये प्रथम दिसला, तो आज तेथल्या पक्ष्यांवर आणि सरड्यांवर ताव मारतो आहे. अमेरिकेने २०१२ आणि २०१५ साली मिळून आठ मोठ्या सापांच्या आयातीवर बंदी घातली. त्या प्रस्तावात बोआचेही नाव होते, पण २०१५ मध्ये ते मागे घेतले गेले. तरी राज्याराज्यांचे, शहराशहरांचे नियम वेगळे आहेत. ते आधी विचारून घ्यावेत.

आता आपल्याकडे वळतो. आपल्याकडचा कोणताही रानटी साप पकडणे किंवा पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. अजगर तर पहिल्या अनुसूचीत आहे. परदेशी बोआ आणि बॉल पायथन आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या यादीत आहेत, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर असे प्राणी बाळगणाऱ्याने त्यांची सरकारदरबारी नोंद करणे बंधनकारक झाले आहे. तेव्हा आजचे व्याख्यान ऐकून कोणी साप शोधायला निघू नये.

पण बोआ आपल्याला परका नाही, हे मात्र सांगायचे राहिले. आपल्या शेतातले मांडूळ आणि डुरक्या घोणस हे बोआच्याच गोतावळ्यातले. मांडुळाची मादीही जिवंत पिल्ले देते. त्याची शेपटी डोक्यासारखी बोथट असते. शत्रूने डोके समजून शेपटी धरावी आणि खरे डोके वाचावे, एवढाच त्यामागचा निसर्गाचा हेतू. पण त्यावरून आपण त्याला दुतोंड्या ठरवले, आणि त्याच्यामुळे गुप्तधन सापडते, पैशांचा पाऊस पडतो, अशा भाकडकथांपायी त्याची चोरटी विक्री चालते. शेतातले उंदीर खाऊन निमूटपणे जगणाऱ्या या जिवाला आपल्या लोभाने सोन्याचे मोल दिले, आणि तेच त्याच्या मुळावर आले. अमेरिकेतला माणूस हौसेपोटी बोआला पेटीत घालतो, आपला माणूस लोभापोटी त्याच्या भाऊबंदाला पिशवीत घालतो. दोघांनाही प्रथम त्या प्राण्याविषयी चार खऱ्या गोष्टी कळायला हव्यात.

शेवटी माझे उत्तर. मी पुतण्याला लिहिले : घरात प्रौढ हौशी माणूस असेल, मोठी जागा असेल, आणि आठ फुटी प्राण्याची जबाबदारी वीस-तीस वर्षे घेण्याची धमक असेल, तर बोआ उत्तम, तो खाण्यात भरवशाचा आणि पाहण्यात आनंदाचा. घरात मूल असेल, जागा बेताची असेल, तर बॉल पायथन बरा. मात्र त्याच्या उपवासांना तोंड देण्याइतका धीर अंगी हवा. आणि एक अट घातली. आधी रिकामी पेटी तयार करा, आणि मुलीने तीन महिने रोज सकाळ-संध्याकाळ तिच्या दोन्ही टोकांचे तापमान वहीत लिहावे. वही पुरी झाली तरच साप.

वही पुरी झाली. एका आश्रयगृहातून पाच वर्षांचा बॉल पायथन नर घरी आला. पहिल्याच हिवाळ्यात त्याने जेवण सोडले. नवव्या आठवड्यात मध्यरात्री माझा फोन वाजला. बोलत होत्या सूनबाई. ज्या घरात उंदराचे नाव काढलेले चालत नव्हते, त्या घरातून काळजीने भरलेला आवाज येत होता, "काका, आज कोमट करून दिला तरी त्याने तोंड फिरवले हो. काय करू?" मी म्हटले, "काही करू नका. ऊब पाहा, पाणी ठेवा, आणि वाट पाहा." बाराव्या आठवड्यात तो जेवला.

साप पाळणे म्हणजे बहुतांशी एवढेच आहे : ऊब पाहणे, पाणी ठेवणे आणि वाट पाहणे. एवढे ज्याला जमेल त्याने बोआ घेतला काय आणि बॉल पायथन घेतला काय, दोन्ही बरोबर. ज्याला जमणार नाही त्याने जत्रेत दोन्ही साप डोळे भरून पाहावेत आणि मोकळ्या हातांनी घरी यावे.